वाशीचा मुकादम हॅम्बुर्गच्या बाजारात

वाशीच्या दाणा बाजारात पोती उचलणाऱ्या हणमंत जाधवांना कोणीही नोकरीवर ठेवलेले नाही, तरी त्यांना भविष्य निर्वाह निधी आहे, बोनस आहे, पगारी रजा आहे आणि आजारपणात दवाखाना आहे. हे वाक्य मला जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये मिळून इतक्या वेळा इंग्रजीत सांगावे लागले की पुढे पुढे ते पाठच झाले. ऐकणाऱ्या प्रत्येकाचा पुढचा प्रश्नही एकच असे. मग यांचा मालक कोण?

प्रश्न रास्त होता. दाणा बाजारात ट्रक येतो तेव्हा तो रिकामा करायला टोळी येते. टोळी म्हणजे एक मुकादम आणि त्याची माणसे, बहुतेक एकाच गावची किंवा शेजारच्या गावांची. जाधवांची टोळी साताऱ्याकडची. आज या गाळ्यावर तांदूळ, उद्या त्या गाळ्यावर साखर. मजुरी पोत्यावर ठरलेली. ती व्यापारी हातात देत नाही, माथाडी मंडळात भरतो, आणि तिच्यावर आणखी काही टक्के लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून निधी, बोनस, रजा, दवाखाना. मंडळावर व्यापारी, कामगार आणि सरकार, तिघेही बसतात. एकोणीसशे एकोणसत्तरच्या कायद्याने ही व्यवस्था महाराष्ट्रात आली. ज्याला एक ठरावीक मालक नाही अशा हमालालाही कामगाराचे हक्क मिळावेत, एवढाच तिचा हेतू.

टोळीच्या आतली व्यवस्था कायद्यात लिहिलेली नाही. मजुरी सगळ्यांत सारखी वाटली जाते. ज्याची पाठ गेली तो फाटकी पोती शिवतो किंवा थप्पीशी उभा राहून पोती सरळ करतो. त्याचा वाटा मात्र कमी होत नाही.

आमच्या प्रवासाच्या महिनाभर आधी काही व्यापाऱ्यांनी सूचना मांडली होती की टोळ्या बंद कराव्यात आणि प्रत्येक गाळ्याने आपापली माणसे महिन्याच्या पगारावर ठेवावीत. परदेशात असेच असते, हे त्यांचे मुख्य कारण. सूचनेमागचे प्रमुख व्यापारी कांतीभाई, मूळचे कच्छचे, तीन पिढ्या मुंबईत. त्यांनी जाधवांना सुपरवायझरची जागा देऊ केली होती. बसून काम, डोक्यावर ओझे नाही, महिन्याच्या महिन्याला पगार. टोळीतल्या धडधाकट माणसांनाही घेणार होते. ज्यांची पाठ गेली त्यांच्याबद्दल सूचनेत काही नव्हते.

त्याच सुमारास एका जर्मन संस्थेचे निमंत्रण आले. कामगार आणि मालक यांचे संबंध देशोदेशी कसे चालतात ते पाहण्यासाठी एकाच बाजारातला एक कामगार, एक मालक आणि एक वार्ताहर यांनी मिळून यावे, असे तिचे म्हणणे. कामगारांच्या बातम्या मी करते, म्हणून वर्तमानपत्राने मला पाठवले. टोळीने जाधवांना सांगितले, तुम्ही जाऊन बघा, आल्यावर हो की नाही ते सांगा, आम्ही तसे करू. म्हणजे उत्तर जाधवांनी द्यायचे होते, आणि त्यात त्यांची स्वतःची सुपरवायझरची खुर्चीही होती.

हॅम्बुर्ग

संस्थेच्या अतिथीगृहात मला स्वतंत्र खोली मिळाली. जाधव आणि कांतीभाई यांना एक खोली दिली होती. यजमानांच्या दृष्टीने ते एकाच बाजारातले दोन सहकारी होते. वाशीत हे दोघे शेजारच्या खुर्च्यांवरही कधी बसलेले नव्हते. जाधव दाराशी थबकले.

"शेट, मी खाली जमिनीवर पडतो. आपल्याला सवय हाय."

"अरे मुकादम, दोन पलंग आहे, दोन माणूस आहे. जमिनीवर झोपला तर सकाळी तुला फावड्याने उचलावा लागेल, एवढी थंडी आहे," कांतीभाई म्हणाले. "फक्त एक सांग, तू घोरतो?"

"बायको म्हणती घोरतो."

"मग खिडकीकडचा पलंग तुझा. आवाज बाहेर जाऊ दे."

सकाळी दोघेही तक्रार करत खाली आले. दोघांच्या मते दुसराच घोरत होता.

जेवणाचा प्रश्न पहिल्याच दुपारी उभा राहिला. ताटात उकडलेले बटाटे, आंबट कोबी आणि मांसाचा जाड तुकडा. कांतीभाई जैन, त्यामुळे मांस गेले आणि बटाटाही गेला. कोबीत काय घातले आहे ते कुणाला सांगता येईना. त्यांनी पिशवीतून खाखरे काढले. जाधवांनी मांस संपवले, चांगले आहे पण मीठ कमी आहे असे सांगितले आणि आपल्या पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. कांतीभाईंची नजर चटणीवर गेली.

"लसूण हाय, शेट," जाधवांनी सावध केले.

कांतीभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले. "बेन, हे तुमच्या पेपरात येणार?"

मी नाही म्हटले नाही. तरीही त्यांनी खाखऱ्यावर चटणी घेतली. पुढचे सगळे दिवस ती चटणी दोघांत सारखी वाटली गेली. हे छापायला आता त्यांची परवानगी आहे.

आमच्या यजमान इंगे ब्राण्ड नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, आवाज मोठा. शहराच्या घाऊक बाजारातल्या एका मोठ्या भाजी कंपनीत त्या आधी क्रेट उचलत, नंतर मालवाहू गाडी चालवत. आता तिथल्या कामगार परिषदेच्या प्रमुख होत्या. जर्मनीत कामगारांनी मागितले तर कंपनीत अशी परिषद निवडता येते. युनियन वेगळी, परिषद वेगळी. युनियन बाहेर पगाराचे करार करते. परिषद कंपनीच्या आत बसते, आणि कामाच्या वेळा, सुरक्षितता, माणसे काढणे अशा गोष्टींत मालकाला तिच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आम्हाला बाजार दाखवायला नेले. वाशीच्या माणसाला पहाटेचा घाऊक बाजार नवा नाही. नवी होती ती शांतता. कोणी ओरडत नव्हते, कोणाच्या डोक्यावर काही नव्हते. लाकडी फळ्यांवर रचलेला माल फोर्कलिफ्ट गाड्या उचलून नेत होत्या आणि गाडी मागे येताना तेवढी पिकपिक करत होती. जाधव नुसते पाहत होते. कांतीभाई प्रत्येक गाडीची किंमत विचारत होते.

तेवढ्यात एका वळणावर गाडीवरची थप्पी कलली आणि कांद्याची चार-पाच पोती रस्त्यात घसरली. गाडीचालक खाली उतरला, पोत्यांकडे पाहिले, वायरलेसवर काही बोलला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मागे दुसरी गाडी थांबली, तिच्यामागे तिसरी. कोणीही पुढे आले नाही.

"ताई, हात का लावंनात ही माणसं?" जाधवांनी विचारले.

दुसरी गाडी येणार असेल, असे मी सांगितले.

"त्याला गाडी कशाला? पाच पोती हायत."

वाशीत पोते पडले की शेजारून जाणारा कोणत्याही टोळीचा माणूस थांबतो आणि हात देतो. भरलेले पोते एकट्याला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याने उचल द्यावीच लागते. ही उचल मागायची नसते आणि नाकारायची नसते. टोळ्यांत भांडण असले तरी उचल दिली जाते. हे माहीत असते तर इंगेबाईंनी त्या क्षणी जाधवांचा दंड धरून ठेवला असता. त्या दहा पावलांवर कुणाशी तरी बोलत होत्या.

जाधवांनी गळ्यातला लोकरी मफलर काढला, त्याची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली आणि पोत्याशी वाकून गाडीचालकाला खूण केली. तो गोंधळून मागे सरकला. जाधवांनी पुन्हा खूण केली. तो आणखी मागे सरकला.

मग कांतीभाई पुढे झाले. तीन पिढ्यांच्या धंद्यात बहुधा प्रथमच त्यांच्या घराण्यातल्या माणसाने पोत्याच्या कानाला हात घातला. "बोल," ते म्हणाले. जाधवांनी हुंकार दिला, पोते वर गेले आणि मुकादम सरळ चालत जाऊन ते बाजूच्या फळीवर ठेवून आले. दुसरे पोते गेले. तिसरे उचलत असताना शिटी वाजली.

पुढच्या काही मिनिटांत त्या भागातले सगळे काम थांबले. गाड्या उभ्या राहिल्या. पिवळ्या जाकिटातली दोन माणसे आली, इंगेबाई धावत आल्या. कुणाला लागले आहे का, हे त्यांनी जाधवांना तीनदा विचारले. त्या बाजारातल्या करारानुसार पंचवीस किलोच्या वर काहीही माणसाने एकट्याने उचलायचे नाही, आणि कुणी उचलले तर परिषदेने काम थांबवायचे. उचलणाऱ्याइतकाच उचल देणाराही दोषी.

"मी तर फक्त हात दिला," कांतीभाई म्हणाले.

"शेट, आता आपण दोघं एकाच टोळीत," जाधव म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. मदत केल्याबद्दल त्यांना आजवर कोणी शिटी मारली नव्हती.

इंगेबाईंनी विचारले, पोते जड नव्हते का? जाधव म्हणाले, "सांगा त्यास्नी, हे निम्मं पोतं हाय. आमचं शंभर किलोचं असतंय." मी ते सांगितले, आणि माझ्या आवाजातही थोडा ताठा आला असावा. बाईंना आकडा चुकला असे वाटले. मी पुन्हा सांगितला. त्या म्हणाल्या, "हे कोणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? पोतं तसंच येतंय."

"आमच्याकडेही तसंच येत होतं," बाई म्हणाल्या. "आम्ही उचलायला नकार दिला. या गाड्या मालकाने हौसेने आणलेल्या नाहीत. आम्ही वजन बंद केलं, म्हणून त्यांना आणाव्या लागल्या. आणि गाडी आली म्हणून एकही माणूस काढायचा नाही, हे आधी लिहून घेतलं. मी त्यातलीच एक. आधी उचलत होते, मग चालवायला शिकले."

मी भाषांतर केले. कांतीभाई मध्येच म्हणाले, "बेन, नीट विचारा. मशीन आणायला शेटला कामगाराची परमिशन लागते?"

मशीन आणायला लागतेच असे नाही, बाई म्हणाल्या, पण त्या मशीनमुळे माणसांचे काय करायचे, हे परिषदेशी बोलल्याशिवाय मालकाला पुढे नेता येत नाही.

"आणि तरी धंदा चालते?"

बाईंनी बाजाराकडे हात केला. गाड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.

त्या संध्याकाळी संस्थेच्या सभागृहात जाधवांचे बोलणे होते. समोर वेगवेगळ्या कारखान्यांतले चाळीसेक कामगार प्रतिनिधी. सकाळची बातमी पसरलेली होती. जाधव बोलायला उठले तेव्हा मागून कोणीतरी तोंडाने शिटी वाजवली आणि सगळे हसले. जाधवही हसले. मग त्यांनी मंडळ सांगितले, लेव्ही सांगितली, टोळी सांगितली. मालक कोण, हा प्रश्न आलाच.

"जेवढे गाळे तेवढे मालक," जाधव म्हणाले. "आणि तसं बघाल तर एक बी न्हाय. मी कुणाच्या दारात कामाला ठेवा म्हणून उभा ऱ्हायलो न्हाय. माल आला की टोळी जाती. ज्यानं मंडळात पैसं भरलं न्हाय त्याच्या मालाला हात लागत न्हाय."

वाटा सारखा असतो, आजाऱ्यालाही असतो, हे ऐकून एकाने विचारले, मग लोक आजारपणाचे सोंग करत नाहीत का?

"एक दिस करंल. टोळी एका गावची हाय. दुसऱ्या दिवशी त्याची बायकोच त्याला हाकलून दील. गावाकडं तिला तोंड दाखवायचं असतंय."

भाषांतर पोचायला थोडा वेळ लागला, मग सभागृह हसले. बसताना त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या. टाळ्यांची लांबी मोजणे हा वार्ताहराचा वाईट उद्योग आहे, मी तो केला नाही. एवढे नोंदवते की नंतर चहाच्या टेबलाशी मंडळाची रचना कागदावर काढून घ्यायला माझ्याभोवती माणसे उभी होती. त्यांच्याकडे नुकती बाहेरच्या एजन्सीची माणसे कामावर येऊ लागली होती. कायम कामगाराला परिषदेचे छत्र होते, पण आज इथे तर उद्या तिथे जाणाऱ्या माणसाला कोणत्या छत्राखाली घ्यायचे, हे त्यांना सुटत नव्हते. महाराष्ट्राने हे कोडे हमालांपुरते केव्हाच सोडवले आहे, हे त्या टेबलाशी सांगताना मला बरे वाटले.

कांतीभाई जवळच उभे होते. त्यांनी एका जर्मन माणसाला थांबवून हिंदी आणि इंग्रजीच्या मिश्रणात सांगितले, "लेव्ही आम्ही देतो. व्यापारी देते. ते पण लिहा." त्यालाही टाळ्या मिळाल्या असत्या, पण तोवर बरेच जण गेले होते.

हल

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल नावाचे बंदर आहे. तिथे आम्हाला रॉन नावाच्या जुन्या गोदी कामगाराच्या घरी नेले. घर लहान, रांगेतले, स्वयंपाकघर मात्र नवे कोरे. रॉनची पत्नी डोरीन यांनी दूध घातलेला चहा दिला. जर्मनीच्या काळ्या कॉफीनंतर जाधवांनी तो कप दोन्ही हातांनी धरला आणि साखर मागून घेतली.

रॉनने सांगितलेली हकिकत अशी. त्याच्या वडिलांच्या काळात माणसे सकाळी गोदीच्या दाराशी जमत आणि मुकादम बोट दाखवील तो आत जाई. ज्याच्यावर बोट पडले नाही तो घरी. जाधव मध्येच म्हणाले, "आपल्याकडं नाक्यावर उभं ऱ्हात्यात तसं." दुसऱ्या महायुद्धानंतर ते बंद झाले. गोदी कामगारांची नोंदणी झाली आणि मंडळ आले, त्यात निम्मे मालकांचे, निम्मे कामगारांचे. काम असो वा नसो, नोंदलेल्याला किमान पगार. मंडळाच्या संमतीशिवाय कोणालाही काढता येत नसे.

"हे तर आपलंच मंडळ," जाधव म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला.

ते खरे होते. मुंबईच्या गोदीतही त्याच वळणाची योजना होती आणि माथाडी मंडळाची कल्पना तिला जवळची. एकाच घरातली दोन भावंडे दोन देशांत वाढावीत तसे ते होते. इथले भावंड आता नव्हते. काही वर्षांपूर्वी सरकारने योजना मोडीत काढली. मंडळामुळे बंदरे मागे पडतात, मालकाने थेट माणसे ठेवावीत, आधुनिक जगात असेच असते, ही कारणे देण्यात आली. रॉनला एकरकमी पैसे मिळाले. स्वयंपाकघर त्यातलेच.

"मग शेटनं ठेवली का माणसं कायम?" जाधवांनी विचारले.

"ठेवली. तरुण होती ती ठेवली," रॉन म्हणाला. "तीही काही वर्षं. मग ज्याने ठेवली त्याने कंपनी विकली. नव्या मालकाने सांगितलं, ही माणसं माझी नाहीत, एजन्सीची आहेत. तर आता मी—"

भिंतीवरचा फोन वाजला. रॉनने उठून घेतला, दोन शब्द बोलला आणि ठेवला. एजन्सीचा होता. जहाज लवकर लागले होते, चार तासांचे काम होते, आत्ता निघाला तर. नाही म्हटले तर पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला जातो. त्याने बूट चढवले. दाराशी तो परत वळला आणि जाधवांचा हात हातात घेऊन काही बोलला. मग गेला.

"काय म्हंला?" जाधवांनी मला विचारले.

"म्हणाला, आम्हाला विकत घेतलं तेव्हा किंमत चांगली होती."

डोरीनबाईंनी रॉनचा अर्धा भरलेला कप उचलला आणि नव्या सिंकमध्ये ओतला. "स्वयंपाकघर छान आहे ना?" त्या म्हणाल्या. "तो या खुर्चीत पूर्ण दुपार कधी बसलेला नाही."

बाहेर नदीवरून वारा येत होता. दोघे पुढे चालत होते, मी थोडी मागे. कांतीभाई म्हणाले, "मुकादम, पण मी तर तुला परमनंट देतो. मी काय तुला फोन करून बोलावणार?"

"तुमी न्हाय बोलावणार, शेट. तुमचा शब्द मला ठावं हाय. तुमचा मुलगा काय करंल?"

"त्याला तर दाण्याचा धंदाच नको. त्याला पॅकेटचा माल पाहिजे, फॅक्टरी पाहिजे. बोलते, गाळा विकून टाका."

"मग गाळ्यासंगं आमाला बी विकणार."

कांतीभाईंनी मफलर कानांवर घेतला. थोडे पुढे गेल्यावर, एका बाकाशी, त्यांनी खिशातून उरलेला खाखरा काढला, मोडला आणि अर्धा जाधवांना दिला. चटणी संपली होती.

वाशी

परत आल्यानंतरच्या रविवारी दाणा बाजारात सभा झाली. गाळ्यांच्या दोन ओळींमधल्या उंच पत्र्याच्या छपराखाली माणसे बसली, काही पोत्यांवर, काही थप्प्यांना टेकून उभी. जाधवांची टोळी पुढे, इतर टोळ्यांचे लोकही आले होते. काही व्यापारी गाळ्यांच्या पायऱ्यांवर उभे होते.

कांतीभाई आधी बोलले. ते बोलणार आहेत हे कुणाला अपेक्षित नव्हते. "मी तुम्हाला सांगत होतो, परदेशात असं असते," ते म्हणाले. "मी जाऊन आलो. परदेशात असं एक नाही आहे. जर्मनीमध्ये शेटला कामगाराला विचारावा लागते. इंग्लंडमध्ये विचारावा लागत नाही. मला काय आवडला ते विचारू नका, मी व्यापारी आहे. पण मी बोललेला खोटा होता, एवढा सांगतो. सूचना मागे." आणि ते पायरीवर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने त्यांच्याकडे रागाने पाहिले, ते त्यांनी पाहिले नाही असे दाखवले.

मग जाधव उठले. हलच्या स्वयंपाकघराची हकिकत त्यांनी जशी घडली तशी सांगितली. "सुपरवायझर व्हा म्हंले मला," ते म्हणाले. "मी न्हाय होणार. टोळी मोडायची न्हाय. लोकं तिकडं आपलं मंडळ कागदावर उतरून घेत्यात, आन् आपण मोडाया निघालो व्हय?"

टाळ्या झाल्या, घोषणा झाल्या. जर्मनांनी आपले मंडळ उतरवून घेतले, हे एकमेकांना सांगताना माणसांच्या छात्या फुगल्या. ट्रकजवळचे चहावालेसुद्धा थांबून ऐकत होते. सभा तिथेच संपली असती तर बातमी सोपी झाली असती.

जाधव बसले नाहीत. "आता दुसरं," ते म्हणाले. "पोतं. शंभर किलोचं पोतं ह्यापुढं न्हाय उचलायचं. निम्मं करून मागायचं. पेठंतून माल येतो तिथनंच निम्म्याचं भरून आलं पायजे. व्यापाऱ्यांनी वर कळवायचं. मुदत देऊ. मुदतीनंतर मोठ्या पोत्याला हात लावायचा न्हाय."

आता टाळ्या नव्हत्या. माथाडीची ओळख पोत्याने होते. मुलीसाठी स्थळ पाहतानाही गडी शंभराचं पोतं घेऊन जिना चढतो, असे सांगितले जाते. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. टोळीतला संभा, तिशीचा, कुस्ती खेळलेला, साऱ्या बाजारात जोरासाठी प्रसिद्ध, पोत्यावर बसूनच म्हणाला, "मुकादम, पन्नासाचं तर आमची आई उचलंल. गोऱ्यांत जाऊन मान मऊ झाली का तुमची?"

मोठा हशा झाला. व्यापाऱ्यांतलेही काही हसले.

"मऊ न्हाय झाली," जाधव म्हणाले. "थांबा. सगळ्यांनी एक काम करा. वर छपराच्या कैचीवर कबुतरं बसलीत. दिसत्यात का बघा."

लोकांना ते कळले नाही, पण सभेत सांगितलेले करतात तसे सगळ्यांनी वर पाहिले. तरुणांनी नुसती मान वर केली आणि कबुतरे पाहिली. पायरीवरच्या कांतीभाईंनीही पाहिली, त्यांचे वय जाधवांएवढेच आहे. पुढच्या ओळीतली जुनी माणसे मात्र उठून उभी राहिली, आधी गुडघ्यांत वाकली, मग कमरेतून मागे झुकली. एकाने शेजाऱ्याचा खांदा धरला. मान तिथल्या तिथेच राहिली आणि सबंध अंग मागे कलू लागले. स्वतः जाधवांनी एका हाताने थप्पी धरली होती, तरी त्यांची नजर छपराच्या निम्म्यापर्यंतच पोचत होती. संभाचा चुलता, टोळीतला सर्वांत जुना माणूस, फाटकी पोती शिवतो, तो बसल्या जागी दोन्ही हात मागे टेकून जवळजवळ आडवा झाला आणि म्हणाला, "दिसंनात बाबा. हायत का खरंच?"

कोणी हसले नाही.

संभाने वर पाहिलेच नव्हते. तो चुलत्याकडे पाहत होता. मग तो पोत्यावरून उतरला, चुलत्याच्या पाठीमागे गेला, त्याला दंडाला धरून सरळ बसवले आणि तिथेच उभा राहिला.

"बोला, मुकादम," तो म्हणाला. "मुदत किती द्यायची?"